माझ्या रगताचं काय झालं?

सकाळी सहा वाजता गावातल्या डेअरीसमोर किटल्यांची रांग लागते. करवीर घ्या, कागल घ्या, पन्हाळा घ्या, चित्र हेच. लिटरचं माप होतं, नमुना यंत्राखाली जातो, फॅट लागते आणि बाईच्या हातात चिठ्ठी पडते. लिटर किती, फॅट किती, दर किती, रुपये किती. फॅट जरा उतरली तरी ती तिथंच विचारते, "काल साडेसात हुती, आज सात कशी लागली?" मग घरी त्यावर बोलणं होतं. सरकी पेंड कमी पडली का, वैरण बदलली का, म्हशीच्या अंगात कसर आहे का. हे दिवसातून दोनदा, वर्षाचे बाराही महिने चालतं.

त्याच बाईला दिवस गेलेले असतील तर नऊ महिन्यांत तिच्या रक्ताचं माप तीन-चारदा होतं. आकडा कार्डावर लिहिला जातो, रजिस्टरात उतरतो, तिथून संगणकात जातो. तिला विचारा, एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, किती निघालं? "कमी हाय म्हणाल्या." किती कमी, मागच्या वेळेपेक्षा वाढलं की घटलं, हे तिला ठाऊक नसतं. नवऱ्यालाही नसतं. सासूला तर नाहीच नाही.

एकतीस वर्षं मी या कोल्हापूर जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून काम केलं. आधी उपकेंद्रात, शेवटची काही वर्षं पर्यवेक्षिका म्हणून. म्हशीच्या दुधाशी तुलना केली म्हणून कुणाला वाईट वाटेल, पण ती मी विचार करूनच करते आहे. आमच्या घराघरांत गाभण म्हशीला शेवटचे दोन महिने आटवतात. धार बंद करतात, पेंड वाढवतात, गोठ्यात कोरडी जागा देतात. हे कुणी सरकारी पत्रक काढून शिकवलेलं नाही. पिढ्यान्पिढ्या नजर ठेवून, मोजून, एकमेकांना सांगून आलेलं हे ज्ञान आहे. म्हणजे पोटात वाढणाऱ्या जिवासाठी आईला आधीपासून खायला लागतं आणि तिला विसावा लागतो, हे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला माहीत नाही असं कुणी म्हणू नये. माहीत आहे. गोठ्यात माहीत असलेली ही गोष्ट स्वयंपाकघरात का पोचत नाही, हा माझा प्रश्न आहे. त्याचं माझं उत्तर असं की गोठ्यात मोजमाप मालकाच्या हातात परत येतं. बाईचं मोजमाप तिच्या हातात कधीच परत येत नाही.

२००२ सालची गोष्ट. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली सातव्या महिन्यातली सून माझ्याकडं तपासणीला आली होती. तेव्हा उपकेंद्रात साहलीची नळी असायची. बोटाला टोचून वीस मायक्रोलिटर रक्त ओढायचं, नळीतल्या आम्लात सोडायचं, ते तपकिरी झालं की खिडकीच्या उजेडात धरून थेंबथेंब पाणी घालत राहायचं, कडेच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत. जुळलं त्या रेघेवरचा आकडा म्हणजे हिमोग्लोबिन. तिचं निघालं ७.८. आधीच्या खेपेला ८.२ होतं. गरोदर बाईला निदान ११ हवं. गोळ्या तर मी सगळ्या दिल्या होत्या. त्या वेळी शंभर दिवसांच्या शंभर गोळ्या असा नियम होता, आणि माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढं शंभरचा आकडा सहीसकट होता.

"गोळी खातीस न्हवं?"

"खातो की ताई. रोज."

(आमच्याकडं बायका 'खातो', 'जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटतं.)

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. सासू सोप्यात तांदूळ निवडत होती. सुनेनं मला आत नेलं, दार लोटलं, पिठाच्या डब्यामागं हात घालून पुडक्या काढल्या आणि पदरात घेऊन माझ्यासमोर ठेवल्या. आम्ही दोघींनी जमिनीवर मांडून मोजल्या. चौऱ्याऐंशी गोळ्या. पहिल्या दिवशी ओकारी आली, दुसऱ्या दिवशी परसाकडं काळी झाली, ती घाबरली. वर सासू म्हणाली, गोळ्यांनी बाळ थोराड होतं, सुटका अवघड जाते. हे सगळं मी आधी इतर घरांतूनही ऐकलं होतं. पण ती शेवटी जे म्हणाली ते मी ऐकलेलं नव्हतं. "आन् ताई, तुमी म्हणालासा रिकाम्या पोटी खायाची न्हाय. मी जेवतो तवा दीड वाजतोय."

ती पाचला उठायची. शेण-घाण, धारा, डेअरी, भाकऱ्या, पोरांची शाळा, शेतावरची न्याहारी पोचवणं. मधे दोन वेळा चहा. पहिला घास दीड वाजता. मी तिला गोळी द्यायला नऊ वर्षांच्या नोकरीत शिकले होते. ती किती वाजता जेवते हे विचारायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि रजिस्टरात तसा रकानाही नव्हता.

त्या दिवशी मी साहलीची नळी बरोबर नेली होती. सासूला बाहेर उजेडात बोलावलं, तिच्याच बोटाचं रक्त आधी घेतलं, मग सुनेचं. दोन्ही नळ्या शेजारी धरल्या. म्हातारीनं बराच वेळ बघितलं. म्हणाली, "हिचं ताकावानी हाय की." त्या संध्याकाळपासून डेअरीला जायच्या आधी एक तांब्या दूध घरात राहायला लागलं, आणि गोळी रात्रीच्या जेवणानंतर, लिंबाच्या फोडीबरोबर. सहा आठवड्यांनी ९.१ झालं. मुलगी झाली, पावणेतीन किलोच्या आतबाहेर.

ही माझ्या हुशारीची गोष्ट नाही. त्याच वर्षी माझ्या रजिस्टरात शंभरचा आकडा असलेल्या अशा किती तरी बायका होत्या, ज्यांच्या घरी मी गेलेच नाही.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षय असलेल्या ५४.२ टक्के निघाल्या. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत त्या ४८ टक्के होत्या. गरोदर बायकांत हा आकडा ४५.७ आहे. २०१८ पासून 'ॲनिमियामुक्त भारत' सुरू आहे. त्यात गरोदरपणी रोज एक लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. देशभरात १८० दिवस गोळ्या घेतल्या असं सांगणाऱ्या माता त्या पाहणीत २६ टक्के होत्या. सांगणाऱ्या, हे लक्षात घ्या. माझी वाडीतली सूनही रोज खातो असंच सांगत होती.

म्हणून गोळीच्या विरोधात बोलायचं का? मुळीच नाही. एका गरोदरपणाला एकूण साधारण एक हजार मिलिग्रॅम लोह लागतं. बाळाला, वारेला, आईच्या वाढलेल्या रक्ताला आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताला मिळून. ज्या बाईच्या अंगात मुळात साठाच नाही तिची ही तूट भाकरी-भाजीनं नऊ महिन्यांत भरून निघत नाही. आपल्या गुळाच्या जिल्ह्यात तर प्रत्येक घरी सल्ला ठरलेला, गूळ खा, काकवी खा, रक्त वाढेल. गूळ जरूर खावा. पण रोज खाल्ल्या जाणाऱ्या खड्याभर गुळानं रक्तक्षय बरा होत नाही, आणि गुळाच्या भरवशावर गोळी सोडलेल्या बायका मी कळा सुरू झाल्यावर पांढऱ्याफटक येताना पाहिल्या आहेत.

त्या लाल गोळीतल्या फॉलिक ॲसिडची हकीकत मला फार जवळची वाटते, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना, त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्याही होत्या, एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा. आधी तिला वाटलं जंतुसंसर्ग असेल. तपासलं, तसं नव्हतं. मग ती या बायका राहतात कशा, खातात काय, इकडं वळली. कोणत्या घरात फळं-भाज्या येतात, कोणत्या घरात येत नाहीत, हे बघितलं. प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी मार्माईट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बायका बऱ्या होतात हे दाखवून दिलं. १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं नेमकं द्रव्य कोणतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फॉलिक ॲसिड हे नाव मिळायला १९४१ उजाडलं. म्हणजे नाव सापडायच्या दहा वर्षं आधी औषध आजारी बाईच्या तोंडात पडलं होतं. जिचं रक्त तपासलं तीच आधी बरी झाली. संशोधन आणि शुश्रूषा ही दोन कामं तिथं वेगळी नव्हतीच.

त्यानंतरचंही मोठं काम आपल्या शेजारचंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. काय खातात, किती खातात, कोणती कामं करतात, सगळं नोंदवलं. २००१ मध्ये त्यातून एक गोष्ट पुढं आली, ती मी प्रत्येक बैठकीत सांगत आले. एकूण पोटात किती उष्मांक गेले यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की गरोदरपणी शेतातली आणि घरातली जड कामं जास्त करणाऱ्या आईचं बाळ लहान निघतं. वैरणीचा भारा, पाण्याची घागर, धुण्याचं पिळं. आपल्या बायकांना हे कुणी सांगितलं आहे का? दूध आणि भाजी हे कोल्हापूर जिल्ह्याला बाहेरून आणावं लागत नाही. मेथी, पोकळा, चुका, शेवग्याचा पाला बांधावर असतो. दूध तर तिच्याच हातानं निघतं. ती ते किटलीत ओतून डेअरीला नेते आणि दहा दिवसांनी बिल घरातल्या कर्त्याच्या हातात जातं.

मुंबईत झोपडपट्ट्यांमधल्या बायकांवर एक लांबलचक प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ लग्न झालेल्या तरुण बायकांना रोज दिला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी निदान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचं वजन वाढलेलं दिसलं. याचा अर्थ मी असा लावते की सातव्या महिन्यात उपकेंद्रात आलेल्या बाईला "खात जा गं" म्हणणं बऱ्याच अंशी उशिराचं आहे.

आणि आपली रीत बघा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण. झोपाळा, फुलांचे दागिने, पाच फळं, फोटो. त्या एका दिवशी तिच्या पुढ्यात जे ताट येतं ते आधीच्या दोनशे दिवसांत येत नाही. बाळंत झाल्यावर मात्र डिंक, अळीव, खारीक-खोबरं, मेथीचे लाडू, तिखट-तेलकट वर्ज्य, सव्वा महिना विश्रांती. बाळंतिणीचा खुराक आपल्या आज्ज्या-पणज्यांनी फार जाणतेपणानं बसवला आहे, मला त्याबद्दल आदरच आहे. पण तो सगळा बाळ बाहेर आल्यानंतरचा आहे. बाळ घडत असताना ती माउली सगळ्यांच्या मागून, उरलेलं खाते. नव्या नवरीला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तर हवं-नको विचारायचीही सोय नसते. नेमकं तेच वर्ष मोलाचं आहे असं हे अभ्यास सांगतात.

इतकं सगळं हाताशी असताना आमच्या भागात काय चालतं? टक्केवारी काढणं चालतं. वैद्यकीय महाविद्यालयात एमडी होणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. गरोदर मातांमधला रक्तक्षय हा त्यांचा आवडता विषय, कारण बायका आयत्या तपासणीला आलेल्या असतात. किती टक्क्यांना आहे, शिक्षणानुसार किती, जातीनुसार किती, उत्पन्नानुसार किती. काय केल्यावर कमी झाला, हा प्रश्न त्यात क्वचित सापडतो, कारण त्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच घरी जावं लागतं.

काही वर्षांपूर्वी असंच एक पथक माझ्या हाताखालच्या गावात आलं. कुठून आलं ते सांगायचं नाही, त्यात काही साधत नाही. आम्ही सांगितलं म्हणून बायका जमल्या. आशाताईंनी दारोदार फिरून गोळा केल्या. दोन पानी संमतीपत्र होतं, कुणी कधी बोलत नाही अशा मराठीत. शिरेतून पाच एमएल रक्त घेतलं. बायकांच्या बोलण्यात ते पुढं बाटलीभर झालं. गाडी निघून गेली. सात-आठ महिन्यांनी एसटी स्टँडवर त्यांतली एक भेटली, कडेवर बाळ. म्हणाली, "ताई, माझ्या रगताचं काय झालं?"

मी फोन केला. विश्लेषण चालू आहे म्हणाले. पुन्हा फोन केला. वर्षभरानं मला इंग्रजी छापील लेखाची प्रत मिळाली, ती एका ओळखीच्या डॉक्टरांनी वाचून दाखवली. व्यवस्थित तक्ते होते. त्यातला एक रकाना होता एचबी सातच्या खालच्या बायकांचा, म्हणजे ज्यांना मोठ्या दवाखान्यात नेऊन उपचार द्यायचे असतात त्यांचा. तो रकाना रिकामा नव्हता. माझ्या गावातल्या त्या बायका कोण होत्या हे मला त्या वेळी कुणीच कळवलं नाही. त्या बाळंत झाल्या, सुखरूप झाल्या, ही देवाची कृपा म्हणायची. संशोधकांची म्हणता येणार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अभ्यासाचा लाभ सहभागी माणसांपर्यंत आणि त्या वस्तीपर्यंत पोचला पाहिजे हे त्यांत आलेलं आहे. माझी भाषा त्याहून साधी आहे. रक्त घेतलंत, तर उत्तर द्या. त्याच आठवड्यात, तिच्या बोलीत, तिच्या हातात. ते जमत नसेल तर सुई बाहेर काढू नका.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी बेळगावचं उदाहरण देते. कोल्हापुरातून हायवेनं दोन-अडीच तासांवर. बाळंतपणानंतर रक्त वाहून बायका दगावतात, ते थांबवण्याची इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात, आणि खेड्यात ना फ्रिज ना डॉक्टर. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १६२० बाळंतिणींवर अभ्यास झाला. तोंडानं घ्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का? गोळी दिली कुणी? माझ्यासारख्याच एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका बायकांनी, बाळंतपण करता करता. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं होतं. पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आमच्या पेशाच्या बायकांनी खेड्यातल्या खाटेपाशी उभं राहून केलेलं हे काम जगानं उचललं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि १९९९ मध्ये दाखवलं की नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली येतात. तेही असंच. ज्या हातांनी नोंद केली त्याच हातांनी बाळ गुंडाळलं, शेकलं, पाजलं.

सोबतीचंही तसंच. कळांच्या वेळी बाईजवळ तिचं माणूस सतत असलं की कळा कमी काळ चालतात आणि सिझेरियन कमी लागतात, हे २६ अभ्यासांतून, पंधरा हजारांहून जास्त बायकांवरून सिद्ध आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये तशी परवानगीही दिली. तरी आजही कितीतरी ठिकाणी आई थर्मास घेऊन दाराबाहेर उभी असते, आणि आत लेक एकटी.

एक आक्षेप माझ्याच पेशातून येतो, आणि तो मी हलका मानत नाही. आशाताई आणि अंगणवाडी ताई आधीच वाकल्या आहेत. पोषण ट्रॅकर आणि आरसीएच या सरकारी ऑनलाइन नोंदी, नाना सर्वेक्षणं, मोबाइल स्वतःचा, रेंज नाही, मोबदला तुटपुंजा. २०२३-२४ मध्ये राज्यभर आशांना संप करावा लागला तो उगाच नव्हे. त्यांच्यावर अजून एक रकाना कशाला? मी म्हणते, रकाना वाढवू नका, बदला. 'गोळ्या दिल्या : होय' हा रकाना काढा. त्या जागी एकच ठेवा : मागचा एचबी, आत्ताचा एचबी. सरकारी नियमानंच, ७ ते १०.९ असलेल्या बाईला रोज दोन गोळ्या देऊन महिन्यानं पुन्हा तपासायचं आहे. महिनाभरात एक ग्रॅमही वाढ नसेल तर पुढं पाठवायचं आहे. नियम चांगला आहे. पण उपकेंद्राची शाबासकी अजून वाटलेल्या गोळ्यांवर ठरते, वाढलेल्या रक्तावर नाही.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. बोटातल्या थेंबाची तपासणी भरवशाची नाही, शिरेतलं रक्त घ्यावं. आहे खरं. म्हणून तर राष्ट्रीय पाहणीच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळली आणि ती आहार व रक्तातल्या घटकांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडं सोपवली. देशाची टक्केवारी काढायला ती अचूकता हवीच. पण वाडीतल्या बाईला आपल्या अंगात सुधारणा आहे की घसरण, एवढं समजायला त्याच यंत्रावरचे दोन आकडे शेजारी-शेजारी पुरतात. डेअरीच्या यंत्रावरही शंका घेणारे गावात असतातच. म्हणून कुणी चिठ्ठी द्यायची बंद केलेली नाही.

आणि एक बाई या सगळ्या हिशेबाच्या बाहेरच राहते. दिवाळीनंतर शिरोळ, हातकणंगले, कागलच्या उसाच्या फडांत बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, खाडा झाला तर पैसे कापतात. मोळी डोक्यावर, शिडीनं ट्रॉलीवर. सहाव्या-सातव्या महिन्यातली बाई हे करताना मी कित्येकदा पाहिली आहे. तिचं कार्ड बीडला, पोट इथं. तिच्या कोपीत पहाटे तीनला चूल पेटते. २०१९ मध्ये बीडच्या या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा सगळं राज्य हळहळलं. तीन वर्षांत ४६०५ हा आकडा तिथं सांगितला गेला. पण वर्षातले सहा महिने त्यांतल्या कित्येकजणी आपल्या शिवारात होत्या. आपल्या कारखान्यांचा ऊस तोडत होत्या. त्यांचं नाव इथल्या अंगणवाडीत घालता येतं, अन्न सुरक्षा कायद्यानं २०१३ पासून गरोदर बाईला शिजवलेलं किंवा घरी न्यायचं अन्न मिळणं हा तिचा हक्क आहे. कोपीपर्यंत जायला मात्र कुणाला तरी सांगावं लागतं. इथल्या संशोधनात पहिलं नाव कुणाचं असावं असं मला विचारलं, तर मी तिचंच घेईन. हंगामाच्या सुरुवातीला तिचं रक्त काय होतं आणि हंगाम संपून पट्टा पडताना काय राहिलं. साखर किती टन पडली याचा हिशेब रोज फलकावर लिहिणाऱ्या कारखान्यांना हे दोन आकडे जड नाहीत.

आपल्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, प्राथमिक केंद्रांचं जाळं आहे, गावागावांत दूध संस्था आहेत, मोजमापाची सवय आहे. महाविद्यालयांनी टक्केवारीचे प्रबंध काही वर्षं थांबवावेत. एकेका विद्यार्थ्याला एकेक उपकेंद्र द्यावं. लग्न झालेल्या मुलींपासून सुरुवात करावी. कोण किती वाजता जेवतं, गोळी कुठं पडून आहे, दुधाचा एक पेला घरात ठेवल्यानं काय होतं, सासूला नळी दाखवल्यानं काय होतं. ते ग्रामसभेत, मराठीत, उभं राहून सांगावं, आणि मगच परीक्षकांपुढं न्यावं. सरासरीत फरक दिसला नाही तर तेही सांगावं. लोकांना ते कळतं. वैरण बदलून फॅट वाढली नाही हेही शेतकरी एकमेकांना सांगतोच की.

वाडीतल्या त्या सुनेची मुलगी आता तेवीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. तिची आई तिला घेऊन माझ्या घरी आली होती, मी निवृत्त झाले तरी. पिशवीतून कार्ड काढलं. चौथा महिना, एचबी ९.४, तारीख, आणि खाली दुसऱ्या तपासणीची जागा मोकळी. आईनं मला विचारलं नाही, मुलीलाच विचारलं, "सकाळी जेवतीस कवा?"

मुलगी म्हणाली, "अकराला."

"मग आठला दूध-भाकरी. गोळी रातच्याला. च्या नगं त्याच्यावर." आणि माझ्याकडं वळून, "दुसरी तपासणी नऊ तारखेला हाय, ताई. मी जातो हिच्यासंगं. आकडा लिहून घेऊन येतो."